दर्शनी भाग गेला कुठे?

प्रश्न : माझे मेहुणे भोपाळला असतात. त्यांच्या ओळखीने पास मिळाला आणि मध्य प्रदेशचं विधान भवन आतून बघता आलं. माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे उत्सुकता होती. बेंगळुरूचं विधान सौध बघितलं की माणूस नुसता उभा राहून बघत बसतो. इथे बाहेरून गोल भिंत आणि वर घुमट, बाकी काही नाही. फोटो काढायला धड समोरची बाजूच सापडेना. आत गेलो तर एक चौक, पुढे दुसरा चौक, दिशाच कळेना. सौ. म्हणाल्या, ‘किल्ल्यात आल्यासारखं वाटतंय.’ या इमारतीला मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालंय म्हणे. कशाबद्दल? आणि घुमट ही सांचीची नक्कल नाही का?
– एक निवृत्त ओव्हरसियर, सातारा

उत्तर : साहेब, समोरची बाजू तुम्हाला सापडली नाही, कारण इमारतीचे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ती केलेलीच नाही. विधान सौध १९५६ सालचं. नव्या राज्यकारभाराचा रुबाब लांबूनच दिसावा, हा त्यामागचा हिशेब, आणि तो पुरेपूर वसूल झाला आहे. भोपाळची इमारत १९९६ मध्ये वापरात आली. तोवर तिथली विधानसभा नवाबी काळातल्या मिंटो हॉलमध्ये भरत होती. अरेरा टेकडीवर एवढी मोक्याची जागा मिळाल्यावर दुसऱ्या कोणीही खांबांची रांग आणि रुंद पायऱ्या करून मोकळा झाला असता. कोरियांनी वर्तुळ आखलं आणि सगळा जीव आत ओतला.

दिल्लीचं जुनं संसद भवनही गोलच. पण त्याचे १४४ खांब बाहेरून फिरतात. बघणारा रस्त्यावर आहे असं धरून ते उभे केलेत. भोपाळला बघणारा आत आहे असं धरलंय. वर्तुळात तीन बाय तीन अशी नऊ घरं पाडली आहेत. कोपऱ्यांतल्या चार घरांत विधानसभा, विधान परिषद, संयुक्त सभागृह आणि ग्रंथालय. मधल्या पाच घरांचा जो अधिक चिन्हासारखा भाग उरतो, त्यात दालनं आणि चौक. एवढा नकाशा डोक्यात ठेवून पुन्हा गेलात तर चुकणार नाही. अर्थात, नकाशा पाठ केल्याशिवाय सापडत नाही ती इमारत सरकारी कामाला सोयीची कशी, असं तुम्ही विचाराल, आणि त्यावर माझ्याकडे फारसं उत्तर नाही. पहिल्यांदा आलेला माणूस तिथे गोंधळतोच. पाट्या लावून ते सुटत नाही.

पण चौकांबद्दल तुम्ही जरा घाई केलीत. साताऱ्याच्या माणसाला वाड्याचा चौक मी काय समजावून सांगू! मी गेले ते भर मे महिन्यात, दुपारी. बाहेर डांबर वितळत होतं. आत एक शिपाई फायलींचा गठ्ठा छातीशी धरून सावलीची कड पकडून चालला होता, घाम न पुसता. दोघे कारकून चौकाच्या कडेला उभ्या उभ्या पानाचा डबा उघडून बसायला जागा शोधत होते आणि त्यांना ती मिळाली. वातानुकूलित कॉरिडॉरमध्ये हे दोघे कुठे टेकले असते? कोरियांचं म्हणणं आयुष्यभर एकच होतं : आपल्या हवेत वर आभाळ असलेली जागा हीसुद्धा खोलीच असते, शिवाय ती बांधावी लागत नाही. नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी केलेल्या बैठ्या घरांच्या वसाहतीत घरं लहान लहान चौकांभोवतीच बसवली आहेत. तिथे ते परवडणाऱ्या घरांसाठी, इथे आमदारांसाठी.

पारितोषिक म्हणजे १९९८ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार. परीक्षकांच्या मनात शिरायला मी जाणार नाही, पण माझ्या लेखी त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटांची आहे. जनतेचं प्रवेशद्वार वेगळं, आमदार-मंत्र्यांचं वेगळं, अध्यक्षांचं वेगळं. आजकाल हे काम बॅरिकेड आणि दोरखंड लावून करतात. इथे ते नकाशातच करून ठेवलंय. सामान्य माणूस आपल्या वाटेने प्रेक्षागॅलरीपर्यंत जातो आणि त्याला कुठेही हाकललं गेल्यासारखं वाटत नाही. हयातभर सरकारी इमारती बघितलेल्या तुम्हाला याची किंमत कळेल.

आता सांची. स्तूप तिथून पन्नासेक किलोमीटरवर. विधानसभेवरचा घुमट बघून तो आठवावा, हा हेतू उघड आहे. पण त्याच शहरात ताज-उल-मसाजिदचे तीन घुमटही आहेत, आणि भोपाळचा माणूस नेमकं काय आठवेल हे त्याचं त्याने ठरवावं. नक्कल म्हणावी तर स्तूप आतून भरीव असतो, त्यात कोणी भाषण करत नाही. आत भिंतीवर जनगढ सिंह श्याम यांनी रंगवलेलं विमान तुमच्या नजरेतून सुटलं नसेल अशी आशा आहे. पाटनगढच्या या गोंड चित्रकाराला भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणलं गेलं. ती इमारतही कोरियांचीच, १९८२ ची. सत्तेच्या घरात आदिवासी चित्रकाराला कोपऱ्यातली फ्रेम मिळते. इथे भिंती मिळाल्या.

एक गंमत राहिली. ते विधान परिषदेचं सभागृह बघितलंत ना? मध्य प्रदेशात विधान परिषद आजवर अस्तित्वातच आली नाही. आपल्याकडे ७८ आमदारांची परिषद नांदते आहे. तिथे नुसतं घर बांधून तयार.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेची नवी इमारत होते आहे. पश्चिमेकडे पूर्ण काच दाखवली आहे. मुख्याधिकारी म्हणतात, ‘मॉडर्न दिसायला हवं.’ आम्ही हरकत काय घ्यायची?
– एक नगरसेविका, विदर्भ

उत्तर : मुंबईतली कांचनजंगा ही १९८३ ची इमारत त्यांना दाखवा, मॉडर्नच आहे. समुद्र आणि वारा पश्चिमेला, तसंच तळपतं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. म्हणून कोरियांनी कोपऱ्यांत दोन मजली उंच गच्च्या कोरल्या आणि खोल्या त्यांच्या मागे ढकलल्या. तुमच्याकडे तर समुद्रही नाही. मग कशासाठी पश्चिमेला काच लावायची? लावायचीच असेल तर बाहेरून खोल छज्जा किंवा जाळी मागा. आतले पडदे उपयोगाचे नाहीत, काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. आणि सभेत नकाशा मागवून एवढंच विचारा : घरपट्टी भरायला आणि जन्म-मृत्यूचा दाखला घ्यायला आलेला माणूस कितव्या मजल्यावर जाणार, आणि नंबर येईपर्यंत कुठे बसणार? ती जागा तळमजल्यावर, सावलीत, नळाच्या आणि संडासाच्या जवळ नसेल तर हरकत तीच घ्या, आणि लेखी घ्या. आवक क्रमांक टाकून पोच मागायला विसरू नका.