रोबोटिक्स आणि उत्पादन तंत्रज्ञानातील संशोधनासाठी प्रयोगशाळा कशी निवडावी?

यांत्रिक अभियांत्रिकीनंतर रोबोटिक्स आणि स्वयंचलित उत्पादन या विषयात पीएच.डी. करायची असेल तर विद्यापीठांच्या प्रयोगशाळांमधून निवड कशी करावी, कारण चित्रफिती पाहिल्या तर सगळ्याच तोलामोलाच्या वाटतात, असे आपण विचारले आहे. रोबोटकडून सुट्या भागांची जुळणी करून घेण्याच्या विषयावर मी विद्यापीठात संशोधन केले आहे आणि त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे: प्रयोगशाळेकडे कोणता रोबोट आहे हे दुय्यम आहे, ज्या कामासाठी तो वापरायचा, ते काम त्या मंडळींना किती खोलवर समजले आहे, हे आधी पाहावे.

भोकात पिन बसवणे हे अगदी साधे वाटणारे काम घ्या. पिन किंचित तिरकी आत शिरली की ती भोकाच्या भिंतींना समोरासमोरच्या दोन ठिकाणी टेकते, आणि ती फारशी आत गेलेली नसतानाच असे झाले तर घर्षणामुळे पाचरीसारखी अडकून बसते. मग कितीही जोर लावला तरी ती पुढे सरकत नाही, बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी लागते. मूळच्या अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या आणि १९७३ मध्ये तिच्यापासून वेगळ्या झालेल्या ड्रेपर प्रयोगशाळेतील संशोधकांनी त्या दशकात या अडकण्याचेच गणित मांडले आणि त्यातून रोबोटच्या मनगटात बसवायचे एक लवचीक साधन तयार केले. त्याची लवचीकता अशी योजलेली असते की पिनच्या टोकाला बाजूने रेटा बसला तर पिन न कलता नुसती सरकते आणि पीळ बसला तर टोकाभोवती नुसती वळते. त्यात ना सेन्सर होता, ना संगणक, तरीही जुळणी सुरळीत होत असे. जपानमधील यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये कंपन्यांना सोबत घेऊन विकसित केलेल्या स्कारा रोबोटमागेही असेच निरीक्षण होते: बहुतेक भाग वरून खाली बसवले जातात, म्हणून हात उभ्या दिशेत ताठ आणि आडव्या दिशेत थोडा नमता हवा. ही दोन्ही उदाहरणे मला आजही आदर्श वाटतात.

उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या आताच्या संगणक प्रणालींना ही कसोटी लागू नाही, असे समजू नये. २०१७ च्या अ‍ॅमेझॉन रोबोटिक्स चॅलेंज या रोबोटने वस्तू उचलून ठेवण्याच्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियातील विद्यापीठीय संशोधकांचा जो कार्टमन रोबोट जिंकला, त्यात वस्तू ओळखण्यासाठी डीप लर्निंग, म्हणजे असंख्य चित्रांवरून संगणकाला शिकवण्याचे तंत्र, होते. पण वस्तू उचलण्यासाठी त्यांनी सांध्यांच्या हाताऐवजी तीन सरळ अक्षांवर सरकणारा साधा सांगाडा निवडला, कारण खोक्यात वरून हात घालण्याच्या कामाला तोच सोयीचा होता.

दुसरी कसोटी अपयशाच्या नोंदींची. शंभरातले पंच्याण्णव प्रयत्न यशस्वी झाले की शोधनिबंध दिमाखात छापून येतो. परंतु दर १० सेकंदांनी एक भाग बसवणाऱ्या यंत्रावर याचा अर्थ तासाला ३६० पैकी १८ वेळा काम अडणार, म्हणजे सव्वातीन-साडेतीन मिनिटांनी कोणीतरी धावत यायचे, असा होतो. हा हिशेब ज्या प्रयोगशाळेत नित्य होतो, तिथे अडकलेले आणि चरे पडलेले भाग जपून ठेवलेले असतात आणि तो भाग का अडकला हे विद्यार्थी आपल्याला हातात देऊन सांगू शकतात. शक्य असेल तर प्रात्यक्षिक नसलेल्या दिवशी भेट द्या आणि ठरलेल्या जागेऐवजी भाग थोडा वाकडा ठेवून पाहू का, असे विचारा. तिथले लोक याला किती खुशीने तयार होतात, त्यावरून बरेच कळते.

निधी, यंत्रांची संख्या आणि मानांकन यांना मी फार महत्त्व देणार नाही. मात्र जिथे तंत्रज्ञांच्या कायम जागा आहेत, तिथे ती मोठी जमेची बाजू समजा, कारण फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारी साधने), वायरिंग आणि पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) यांचे ज्ञान विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेल्यावरही तिथे टिकून राहते. उद्योगाच्या पैशावर चालणारे प्रकल्प उत्तमच, कारण खरे भाग आणि खऱ्या अडचणी त्यांच्यामुळेच हाती लागतात. पण काही करारांत निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी कंपनीची परवानगी घ्यावी लागते आणि त्यात प्रबंध रखडू शकतो, म्हणून ही अट काय आहे हे प्रवेश घेण्याआधीच मार्गदर्शकांकडून लेखी स्वरूपात घ्यावे.