वाचकांचे प्रश्न : दाबोळी ते पुणे, अंतर किती आणि वेळ किती?

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला शिकतो. गोव्यातल्या दाबोळी विमानतळापासून पुण्यापर्यंतचे हवाई अंतर मला एका ठिकाणी 355, तर दुसऱ्या ठिकाणी 192 असे आढळले. विमान ताशी 800 किलोमीटर वेगाने जात असेल, तर अर्ध्या तासाच्या प्रवासाला तिकिटावर सव्वा तास का लिहिलेला असतो? आणि गोव्याच्याच मोपा या दुसऱ्या विमानतळावरून गेल्यास वेळ वाचेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्याला मिळालेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण 355 हे किलोमीटर असून 192 हे सागरी मैल आहेत, विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात आणि असा एक मैल 1.852 किलोमीटरचा असतो. हा हिशेब आपल्याला घरीही करता येईल. दाबोळी आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. दाबोळीचा अक्षांश 15.38, तर लोहगावचा 18.58. हा 3.2 अंशांचा फरक, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर.

हे अंतर मात्र नकाशावरच्या सरळ रेषेचे आहे, आणि विमान त्या रेषेवरून निघत नाही. पुणे दाबोळीच्या थेट उत्तरेला असले तरी दोन्हीकडच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत. विमानाला वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडावे लागत असल्यामुळे, समुद्रावरून वारा येत असेल तेव्हा ते आधी अरबी समुद्रावर जाते आणि मग उजवीकडे वळते. हवा स्वच्छ असेल तर त्या वळणानंतर उजव्या खिडकीतून मांडवीचे मुख आणि आग्वादचा किल्ला दिसू शकतो. उतरतानाही धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी असेच वळावे लागते. शिवाय एवढ्या जवळच्या प्रवासात चढण्यात आणि उतरण्यातच बराच वेळ जात असल्याने जेट विमानाला पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. एटीआर जातीचे पंख्याचे विमान तर मुळातच ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जाते.

तिकिटावरचा वेळ हा विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून पुण्यात जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, तेथे रांगेत थांबणे हेही त्यात आले. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे आणि लोहगाव वायुदलाचा, त्यामुळे प्रवासी विमानांना धावपट्टी लष्करी विमानांबरोबर वापरावी लागते. हे सारे धरूनच विमान कंपन्या वेळ ठरवतात, म्हणून सव्वा तास मला अवाजवी वाटत नाही.

आता मोपा. 5 जानेवारी 2023 पासून प्रवाशांसाठी सुरू झालेला हा विमानतळ दाबोळीच्या उत्तरेस सरळ रेषेत सुमारे 40 किलोमीटरवर आहे. तेवढेच अंतर पुण्याच्या प्रवासात कमी होते आणि जेट विमान ते तीन मिनिटांत कापते. पेडणे, म्हापसा किंवा डिचोलीच्या माणसाने मोपाच धरावे. फोंड्याहून मात्र बोरीच्या पुलावरून दाबोळी गाठणे जवळचे पडते. हवेतल्या तीन मिनिटांसाठी रस्त्यावरचा जादा वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकीट काढताना केवळ ‘गोवा’ हे नाव पाहून थांबू नका. दाबोळीचा संकेत जीओआय आणि मोपाचा जीओएक्स आहे. शेवटचे ते एक अक्षर, मुलाच्या परतीच्या तिकिटावरसुद्धा, पैसे भरण्यापूर्वी तपासा. चुकीच्या विमानतळावर पोहोचल्यास झुवारी, मांडवी आणि शापोरा या तिन्ही नद्या ओलांडून दुसऱ्या विमानतळावर वेळेत पोहोचणे जवळपास अशक्य असते.