उभा डक्ट फक्त वरून लटकवला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की सात मजली इमारतीत एसीचा ९०० बाय ६०० मिमीचा डक्ट (हवा नेणारी पत्र्याची चौकोनी नळी) गच्चीवरून शाफ्टमधून, म्हणजे सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या उभ्या पोकळीतून, खाली आणलाय, आणि कंत्राटदार म्हणतो, "वर चार रॉड मारलेत, खाली एल्बो (वळणाचा तुकडा) टेकलाय, काही होत नाही." होतं. शाफ्ट बंद करू देऊ नका.

मी बडोद्यात डक्टिंगचीच कामं करतो, आमचा पत्रा मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये वळतो. आधी वजन बघा. या डक्टचा घेर ३ मीटर. ०.८ मिमी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलो भरतो. मजला साडेतीन मीटरचा धरला तर नुसता पत्राच ६५ किलो. फ्लँजचे (डक्टचे तुकडे जोडणाऱ्या कडांचे) अँगल, नटबोल्ट, इन्सुलेशन मिळून ९० च्या घरात जातं. सात मजल्यांचे सहाशे किलोच्या वर! अलकापुरीतल्या एका साइटवर असंच लटकवलेलं काम मी उघडलं होतं. वरच्या जॉइंटला बोट जाईल एवढी फट, जॉइंटमधली सीलची पट्टी (गॅस्केट) लोंबतेय, आणि तळाच्या एल्बोची पाठ आत दबलेली.

प्रत्येक मजल्याचं ओझं त्याच मजल्याच्या स्लॅबवर उतरलं पाहिजे. डक्टच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना अँगल रिव्हेट किंवा बोल्टने पक्के करायचे, पण ते स्लॅबमधल्या भोकापेक्षा लांब हवेत, म्हणजे दोन्ही टोकं स्लॅबवर बसतात. त्या टोकांखाली रबर पॅड द्या. अँगल स्लॅबला धरणारा अँकर (काँक्रीटमध्ये बसवायचा बोल्ट) भोकाच्या अगदी कडेला मारला की काँक्रीटचा तुकडाच निघतो, म्हणून मी निदान १०० मिमी आत घेतो. शाफ्टच्या विटांच्या भिंतीत तर वजन पेलणारा अँकर नकोच.

फायर डॅम्परवर (आग लागली की डक्टची वाट बंद करणाऱ्या झडपेवर) डक्ट टेकवू नका. डॅम्पर स्वतंत्र धरलेला हवा. आगीत डक्ट कोसळला तरी तो जागेवर राहून भोक बंद ठेवतो, त्यासाठीच तो बसवतात. भोवतीची फट साध्या फोमने नाही, फायर सीलंटने भरायची.

आता दुरुस्ती करताना जुने रॉड आधी सोडू नका. तळापासून एकेक मजल्याचे अँगल बसवत वर जा, सगळे बसले की मगच रॉड सोडा. शाफ्टमध्ये काम चालू असताना खाली कुणीही उभं राहायचं नाही, प्रत्येक भोकावर फळी आणि माणसाला हार्नेस, त्याचा हुक डक्टला नाही, स्लॅबमधल्या वेगळ्या अँकरला.