संत्र्याचा रस नको, साल पाठवा

भाऊ, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: काटोलकडं चार एकर संत्रा, आंबिया बहाराची चुरी, म्हणजे बारीक, कमी प्रतीची फळं, व्यापारी मातीमोल भावानं उचलतो, आणि पुण्यात ब्रूपबमध्ये (तिथंच बनवलेली बिअर पाजणाऱ्या बारमध्ये) कामाला असलेला भाचा सांगतो की क्राफ्ट बिअरमध्ये (छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअरमध्ये) सध्या फळांची चलती आहे. म्हणून चुरीचा रस काढून तिकडं पाठवावा का, नाहीतर गावातच छोटी ब्रुअरी टाकावी का, हे तुम्ही विचारलंय.

मी सात वर्षं पुण्यात बिअर बनवली आणि आता मोर्शीकडं घरची बाग बघतो. दोन्हीकडं हात पोळून झालेत, म्हणून जरा लांबण लावतो.

ब्रुअरीचं आधी उरकतो. नका टाकू. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय बिअर आंबवणं, अगदी घरच्या पिपात आणि घरी पिण्यापुरती का असेना, गुन्हा आहे. परवाना मिळाला तरी स्टेनलेसच्या टाक्या, चिलर, चोवीस तास वीज, आणि ताजी आहे तोवर बिअर संपवणारं गिऱ्हाईक लागतं. ते गिऱ्हाईक पुण्यात आहे. तिथं डूलाली नावाच्या कंपनीनं २००९ मध्ये राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली, त्यानंतर लोकांना चव लागायलाही काही वर्षं गेली. आपल्याकडं वर्धा आणि गडचिरोली कोरडे, म्हणजे पूर्ण दारूबंदीचे जिल्हे. चंद्रपूर २०१५ मध्ये कोरडं झालं, २०२१ मध्ये पुन्हा सुटलं. अशा ठिकाणी कर्ज काढून टाक्या कोण बसवेल?

आता रसाचं. हे मी स्वतः करून बसलोय.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मालकापुढं छाती फुगवून सांगितलं की खऱ्या नागपुरी संत्र्याची बिअर करून दाखवतो. घरून दहा कॅरेट संत्री नेली, चौघांनी दिवसभर रस काढला आणि ऐंशी लिटर रस गव्हाच्या बिअरच्या पाचशे लिटरच्या टाकीत ओतला. पहिले दोन दिवस असा घमघमाट की बारमधली माणसं आत डोकावून जायची. सहाव्या दिवशी नळ उघडून ग्लास नाकाशी नेला तर ओकारीचा वास. सरळ सांगतो, दुसरा शब्द नाही. चव आंबट, कडू, पाणचट. आठवडाभर वाट पाहिली, मग टाकी गटारात सोडली. मालक एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

झालं काय, तर रसातली साखर यीस्टनं सगळी खाल्ली. आपल्याला संत्रा गोड लागतो तो त्या साखरेमुळं. ती गेली की मागं उरतं नुसतं आंबट. वरून कडवटपणा. संत्र्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव पदार्थ असतो, रस काढल्यावर आंबटपणामुळं त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते जहर कडू. नागपुरी संत्र्यात हा त्रास चांगलाच आहे. सकाळी काढलेला रस दुपारी कडू होतो हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीच विसरलो होतो.

संत्र्याचा संत्रेपणा सालीत असतो. वरच्या केशरी थरात तेलाचे बारीक फुगे असतात, सोलताना डोळ्यात चिरकांडी उडते तेच तेल. बेल्जियमची विटबिअर या सालीवरच उभी आहे: गहू, कडू संत्र्याची वाळलेली साल आणि धणे. ती बिअर तिच्या गावातून, हूगार्डनमधून, १९५० च्या दशकात संपली होती. पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली आणि आज जगभर होते. धणे कशाला, असं विचाराल. धण्यात लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य भरपूर असतं, ते संत्र्याच्या वासाला उचलून धरतं. आपले लांबट देशी धणे यासाठी गोल धण्यांपेक्षा बरे, हा माझा अनुभव.

पण साल काढणं आपल्या संत्र्यात कटकटीचं. साल ढिली, त्यामुळं किसणीखाली फळ सरकतं आणि पांढरंही सोबत येतं. आम्ही शेवटी उलटं केलं. आधी साल सोलायची, पाटावर पालथी दाबायची, आणि स्टीलच्या चमच्यानं आतलं पांढरं खरवडून काढायचं, उजेडात धरली की आरपार केशरी दिसेपर्यंत. चार सालींतच नखं पिवळी होतात आणि कुठं चिरलं असेल तर झोंबतं. मग सावलीत मलमलच्या कापडावर वाळवायची. आपल्या उन्हात टाकली की तेल उडून जातं आणि उरतो वास नसलेला पापड. माय तेव्हा म्हणाली, "लोकं रस पेतेत अन् साल फेकतेत, तुमचं सारं उलटंच हाये बापा."

आता हिशेब, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. हजार लिटर विटबिअरला वाळलेली साल लागते साधारण एक किलो. त्यासाठी खरवडलेली ओली साल चारेक किलो, म्हणजे अडीच-तीन कॅरेट संत्री. एखाद्या ब्रूपबनं दर महिन्याला ही बिअर केली (कुणी करत नाही, पण धरून चालू) तरी वर्षाचा माल पाऊण टन. तुमची चुरीच चार-पाच टन निघत असेल. बिअर तुमची चुरी संपवणार नाही, भाऊ. ग्रॅमात मोजायचा धंदा आहे हा, टनात नाही. चांगल्या सालीला चांगला भाव मिळतो, पण त्यावर बागेचा खर्च टाकू नका. आणि सोललेल्या फळाचं काय करायचं, हे सोलायच्या आधी ठरवा.

भाचा म्हणतो ती चलती खरी आहे, पण त्यात एक गोम आहे. गेल्या काही वर्षांत सगळ्यात गाजली ती हेझी आयपीए. ग्लासात बघितली तर संत्र्याचा रसच वाटावा, इतकी गढूळ आणि पिवळी. आणि तिच्यात फळाचा थेंब नसतो! तो वास हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा. सिट्रा, मोझॅक ही नावं भाच्याच्या तोंडी असतील. जर्मनांनी तर २०१२ मध्ये मँडरिना बव्हेरिया नावाचं हॉप काढलं, वास थेट मँडरिन संत्र्याचा. म्हणजे तुमची स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या संत्र्याशी नसून बव्हेरियातल्या एका वेलीशी आहे. ज्या ब्रुअरला नुसता संत्र्याचा वास हवाय तो हॉप्सचं पाकीट फोडेल. तुमच्याकडं तो येईल ते ग्लासाखालच्या पाटीवर 'काटोलचा संत्रा' लिहिता यावं म्हणून. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा उपयोग इथं होतो.

फळांच्या लगद्यानं घट्ट केलेल्या स्मूदी सावर (आंबट) बिअरचं मात्र मला कधी पटलं नाही. कॅनमध्ये न आंबलेली साखर शिल्लक राहते, कॅन जरा गरम झाला की यीस्ट पुन्हा जागं होतं आणि कॅन फुगून फुटतो. वर्धा रोडवर मे महिन्यात असा माल ट्रकमधून नेऊन बघा. अमेरिकेत २०२४ मध्ये उघडल्या त्यापेक्षा जास्त क्राफ्ट ब्रुअऱ्या बंद पडल्या. तिथं आता हलकी, स्वच्छ लागर बिअर परत येतेय, तांदूळ घातलेलीसुद्धा. भंडाऱ्याच्या सुवासिक चिन्नोर तांदळाची बिअर कुणी सुचवली तर हसून सोडा. उकळताना त्याचा सुगंध निघून जातो, बिअर हलकी करायला साधी कणी पुरते.

बिनअल्कोहोलची बिअर ही मला टिकणारी गोष्ट वाटते. माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) मुख्य साखर, माल्टोज, न खाणारं यीस्ट वापरतात, त्यामुळं अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आत राहतं. अशी बिअर चवीला जरा रिकामी लागते, म्हणून तिला वरून सुगंधाचा आधार लागतो. सालीला तिथं जागा आहे.

पण मी तुमच्या जागी असतो तर संत्र्याच्या आधी लाल अंबाडीकडं बघितलं असतं. होय, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उगवते तीच. सावर बिअर करतात ती आपल्या विरजणासारखीच: माल्टचं गोड पाणी कोमट असताना त्यात लॅक्टोबॅसिलस सोडायचे, एक-दोन दिवसांत ते आंबट होतं, मग उकळून जिवाणू मारायचे आणि यीस्ट घालायचं. मीठ आणि धणे घातले की ती गोझे, मूळची जर्मनीतल्या गोस्लार गावची. उन्हाळ्यात ती बिअर म्हणजे मीठ घातलेलं पन्हंच समजा. तिच्यात अंबाडीची वाळलेली बोंडं घातली की आंबटपणाला धार येते आणि रंग असा लालभडक की गिऱ्हाईक आधी फोटो काढतं. आंबट द्रवात तो रंग टिकतोही. आणि माप बघा: लिटरला पाच ते दहा ग्रॅम, म्हणजे हजार लिटरला पाच ते दहा किलो. सालीच्या पाचपट ते दहापट खप. वाळवायला सोपी आणि खरवडायची भानगड नाही. मी नोकरी सोडायच्या आधीच्या उन्हाळ्यात केलेली अंबाडीची गोझे ही माझी एकमेव बिअर, जी वेळेआधी संपली म्हणून शिव्या खाल्ल्या.

मोहाबद्दल भाचा विचारेलच. वाळलेलं फूल तपकिरी, दाट बिअरमध्ये मनुकांसारखं लागतं, सुंदर लागतं. पण आपल्याकडं मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि फुलं अंगणात मातीवर वाळवतात. राख, धूर, खडे सगळं बिअरमध्ये उतरतं. झाडाखाली जाळी बांधून वेचलेला माल मिळाला तरच हात लावा, आणि त्याआधी वन आणि उत्पादन शुल्क दोन्ही खात्यांत विचारून घ्या.

साल पाठवायचीच ठरवली तर दोन गोष्टी आत्ताच पाळा. कोटिंग केलेल्या फळाची साल चालत नाही, मेण बिअरचा फेस बसवतं. कोळशी (काळी बुरशी) आलेलं फळही बाजूला काढा, धुऊन काळं गेलं तरी. आणि फवारणी: लोक साल फेकून देतात म्हणून आपण बिनधास्त मारतो, इथं सालच पोटात जाणार आहे. यंदा दोन ओळी वेगळ्या राखा, औषधाची तोडणीआधी पाळायची मुदत नीट पाळा आणि अवशेषांची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या. मी पहिला नमुना पाठवला तेव्हा समोरच्या ब्रुअरनं वास घ्यायच्या आधीच शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे विचारलं. मला आठवेना. पुडी त्यानं तशीच परत केली, अजून कपाटात आहे.