ऑस्लोत लेकीसोबत पुतळे बघताना

चार वर्षांच्या लेकीला घेऊन ऑस्लोला निघालाय ना, मग व्हिगेलँड पार्कसाठी अर्धा दिवस ठेवाच. तिकीट नाही, १२ नंबरची ट्रॅम फाटकाशी सोडते. गुस्ताव व्हिगेलँडची दोनशेहून जास्त शिल्पं आहेत, सगळी दाखवायच्या भानगडीत पडू नका. पुलावर रेंगाळा. तिथल्या ५८ ब्राँझ पुतळ्यांत एक मुठी आवळून, पाय आपटून भोकाड पसरलेला पोरगा आहे. लोकांनी हात लावून लावून त्याची डावी मूठ पिवळीधमक झालीये. "हा का चिडला असेल?" एवढंच विचारा, पुढचं लेकच बोलेल. पुतळे बहुतेक नागडे आहेत. ती खिदळेल, खिदळू द्या. अवघडतो आपणच! पुलाखाली तळ्याकाठी बाळांचे पुतळे आहेत, ते चुकवू नका. मोनोलिथला, म्हणजे माणसं कोरलेल्या उंच दगडी खांबाला, मात्र पायऱ्या चढाव्या लागतात, बाबागाडी असेल तर जड जातं. एकाच दगडात कोरलेली १२१ माणसं, एवढं सांगितलं तरी पुरे. खेळायची जागा मुख्य फाटकाजवळच आहे. ती आधी दिसली की पुतळे संपले, म्हणून "खेळायचं परत येताना" हे ट्रॅममध्येच कबूल करून घ्या. आणि जून असला तरी रेनकोट न् बदलायचे कपडे पिशवीत हवेतच.