वाचकांचे प्रश्न : महायुद्धातली सर्वांत सरस सबमशीन गन कोणती?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन टॉमी गन, ब्रिटिश स्टेनगन, जर्मन एमपी ४० आणि रशियन पीपीएसएच ४१ यांपैकी सर्वांत सरस कोणती मानावी? मिनिटाला सर्वाधिक गोळ्या रशियन बंदूक झाडत असे, म्हणून तीच श्रेष्ठ असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर : मिनिटाला किती गोळ्या, हा आकडा चटकन नजरेत भरतो, परंतु केवळ त्यावरून सबमशीन गनची, म्हणजे पिस्तुलाची काडतुसे झाडणाऱ्या हातातल्या स्वयंचलित बंदुकांची, प्रतवारी लावू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. पीपीएसएच ४१ चा वेग मिनिटाला सुमारे ९०० ते १००० गोळ्यांचा, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा गोळ्यांचा होता. तिला ३५ काडतुसांचे साधे मॅगझीन (काडतुसे भरून बंदुकीला लावायची पेटी) लावले असेल, तर चाप दाबून धरल्यावर ते अडीच सेकंदांच्या आत रिकामे होत असे. एमपी ४० चा वेग याच्या जवळजवळ निम्मा, सुमारे ५०० होता. त्यामुळे तिची ३२ काडतुसे जवळजवळ चार सेकंद पुरत, शिपायाला चाप वेळीच सोडून दोन-तीन गोळ्यांची आटोपशीर फैर झाडता येत असे आणि नळी लक्ष्यावरून फारशी उचलली जात नसे. मात्र रशियन बंदुकीलाही न्याय दिला पाहिजे. तिचे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस हलके व वेगवान असल्याने धक्का सौम्य होता, आणि घराघरातून, जिन्यांवरून चालणाऱ्या लढाईत, जिथे शत्रू काही पावलांवर असतो, तिथे ७१ काडतुसांचे गोल मॅगझीन हा फार मोठा आधार होता. अडचण अशी, की हे गोल मॅगझीन भरायला वेळ लागे आणि एका बंदुकीसाठी जुळवलेले मॅगझीन दुसरीत नीट बसेलच याची खात्री नसे. पुढे साधे मॅगझीन आणावे लागले, ते याच कारणामुळे.

आमच्या मते तुलनेची खरी कसोटी मॅगझीन हीच आहे. या बंदुकांची यंत्रणा मुळात साधी असते : पिस्तुलाचे काडतूस, त्याला नळीत ढकलणारा जड बोल्ट आणि त्याला पुढे ढकलणारी स्प्रिंग. एवढ्यात बिघडण्यासारखे थोडेच असते. बिघाड होतो तो काडतूस बोल्टसमोर येण्याच्या टप्प्यावर. स्टेनगन आणि एमपी ४० या दोन्हींच्या मॅगझीनमध्ये काडतुसांच्या दोन रांगा असत, पण तोंडाशी त्यांची एकच रांग होई. त्या अरुंद जागी घर्षण वाढे, आणि थोडी धूळ किंवा पत्र्याचा किंचित वाकलेला ओठ एवढ्यानेही काडतूस अडकत असे. त्यामुळे स्टेनगनचे अनुभवी शिपाई ३२ ऐवजी दोन-चार काडतुसे कमी भरत. प्रागमध्ये २७ मे १९४२ रोजी चेकोस्लोव्हाक सैनिक योझेफ गाब्चिक याने नाझी अधिकारी हायड्रिख याच्या मोटारीवर रोखलेली स्टेनगन ऐन क्षणी चाललीच नाही, आणि त्याच्या साथीदाराला बाँब फेकावा लागला. टॉमी गनच्या सरळ मॅगझीनमध्ये मात्र दोन्ही रांगा तोंडापर्यंत तशाच राहत आणि काडतूस आळीपाळीने डावी-उजवीकडून सुटत असे. ही रचना कितीतरी अधिक भरवशाची आहे.

मग टॉमी गनच सरस का म्हणू नये? ती भरवशाची होती, सुबक होती, तिची ११.४३ मिलिमीटरची गोळी जड होती; पण रिकामी बंदूकच पाच किलोंच्या घरात जात असे, आणि पोलाद कातून घडवलेल्या तिच्या भागांमुळे युद्धाच्या सुरुवातीला एका बंदुकीला २०० डॉलरच्या आसपास मोजावे लागत. १९४० मध्ये फ्रान्समधील डंकर्कहून माघार घेतल्यानंतर ब्रिटनला शस्त्रांची इतकी निकड होती, की तेवढी किंमत देऊनही ती पुरेशी मिळेना. त्या निकडीतून १९४१ मध्ये शेफर्ड आणि टर्पिन यांनी स्टेनगन रचली; दोघांची आद्याक्षरे आणि एनफील्ड या शस्त्रकारखान्याच्या नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे मिळून तिचे नाव झाले. नळ्या, पत्रा आणि वेल्डिंग यांवर ती चाळीस लाखांच्या आसपास तयार झाली. हातातून पडली तर आपोआप गोळी सुटण्याचा धोका तिच्यात होता, हा दोष आम्ही गंभीर मानतो. तरीही जिथे दुसरे काहीच मिळणार नव्हते, तिथे ती हजर होती, हे विसरता येत नाही.

या सर्व बाबी एकत्र धरल्या तर आमची निवड आपण विचारलेल्या चारांबाहेरची आहे. वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडशी जिचा इतिहास जोडलेला आहे, ती अलेक्सेई सुदायेव याची पीपीएस ४३ आम्हाला सर्वांत सरस वाटते. पीपीएसएच ४१ ला सुमारे १४ किलो पोलाद आणि सात तासांहून अधिक श्रम लागत. हिला सव्वासहा किलोंच्या आत पोलाद आणि तीन तासांपेक्षा कमी वेळ पुरे होता. दस्ता दुमडता येत असे, वजन तीन किलोंच्या आसपास होते, वेग आटोक्यातला होता आणि मॅगझीन दोन्ही रांगा तोंडापर्यंत नेणारे होते. स्वस्ताई साधताना भरवसा गमवावा लागत नाही, हे या बंदुकीत जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कोणत्याही बंदुकीत आम्हाला दिसलेले नाही.

प्रश्न : एमपी ४० ला ‘श्मायसर’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : नाही. ह्यूगो श्मायसर याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेली एमपी १८ घडवली. एमपी ४० एर्मा कारखान्याच्या रचनेतून आली. तिच्या मॅगझीनवर श्मायसरच्या पेटंटचा उल्लेख असे. दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांत हे नाव रूढ होण्यामागे तेही एक कारण असावे.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या ओवेन गनचे मॅगझीन वरच्या बाजूला का होते?

उत्तर : वोलाँगाँगच्या एव्हलिन ओवेन या तरुणाची ही बंदूक दिसायला बेढब होती, पण १९४१ च्या चाचण्यांमध्ये चिखल आणि वाळू यांत बुडवूनही ती चालत राहिली, आणि टॉमी गन व स्टेनगन तिच्यापुढे मागे पडल्या. मॅगझीन वर असल्याने काडतुसांना खाली उतरताना वजनाचीच मदत होते, आणि रिकामी पुंगळी खालच्या छिद्रातून बाहेर पडते, त्याबरोबर आत शिरलेली घाणही गळून जाते. शिवाय जमिनीवर पालथे पडून नेम धरताना मॅगझीन मातीत टेकत नाही. नजरेच्या रेषेत मॅगझीन येत असल्याने नेम साधण्याची खूण मात्र एका बाजूला सरकवावी लागली. न्यू गिनीच्या जंगलात लढलेल्या सैनिकांनी ही गैरसोय आनंदाने पत्करली, आणि १९६० च्या दशकात ओवेनच्या जागी आलेल्या एफ १ बंदुकीतही मॅगझीन वरच ठेवले गेले.