डब्लिनमधलं जुनं सेमी-डी घर आणि इन्सुलेशनची ग्रांट: २६ हजारांच्या कोटेशनला हो म्हणण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय की डब्लिनच्या लूकन भागात १९७० च्या दशकातलं सेमी-डी (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं) घर घेतलंय, बीईआर (घर किती ऊर्जा खातं त्याची श्रेणी, ए सगळ्यात चांगली, जी सगळ्यात वाईट) डी-२ आहे, बाळाच्या खोलीत कोपऱ्यात काळी बुरशी येते, आणि एका कॉन्ट्रॅक्टरने सगळं घर बाहेरून रॅप करायचं (भिंतींना बाहेरून इन्सुलेशनचा थर लावायचं) २६ हजार युरोचं कोटेशन दिलंय, वर ६ हजार ग्रांट मिळेल म्हणतोय, तर हो म्हणावं का. माझं मत: आत्ता लगेच नको. बाहेरून रॅप करणं वाईट आहे असं अजिबात नाही, तुमच्या घराला कदाचित शेवटी तेच लागेल, पण त्याआधी दोन-तीन गोष्टी बघायला हव्यात आणि त्यातल्या एकीला तर जवळपास खिशाला हात लावावाच लागत नाही.

आधी ग्रांट कशी चालते ते समजून घ्या कारण सगळं गणित तिथेच आहे. एसईएआयची (ही ग्रांट देणारी आयर्लंडची सरकारी ऊर्जा संस्था) ग्रांट खर्चाच्या टक्क्यांत नसते, ठरलेली रक्कम असते. घर कुठल्या प्रकारचं आणि काम कुठलं यावर आकडा ठरतो, कॉन्ट्रॅक्टरने बिल कितीचं लावलं त्यावर नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये हे आकडे खूप वाढले, त्याआधी अ‍ॅटिकला (छपराखालच्या माळ्याला) फक्त ४०० मिळायचे. तेव्हा ठरलेले दर सेमी-डी साठी असे: अ‍ॅटिक १३००, कॅव्हिटी वॉल (मधे पोकळी असलेली दुहेरी भिंत) पंप करायला १२००, आतून ड्राय लायनिंग (भिंतींना आतून इन्सुलेशनचे बोर्ड लावणं) ३५००, बाहेरून रॅप ६०००. डिटॅच्ड (सुट्या) घराला जास्त, मिड-टेरेसला (दोन्ही बाजूंनी जोडलेल्या घराला) कमी. हे दर मधून मधून बदलतात म्हणून अर्ज करायच्या दिवशी साइटवरचा आकडा बघूनच हिशोब करा.

आता खर्च बाजूला ठेवून बघा. माझ्या ओळखीतल्या लोकांना गेल्या काही वर्षांत सेमी-डीच्या अ‍ॅटिकची कोटेशन साधारण दीड ते सव्वादोन हजारांत आली. समजा १८०० आलं, १३०० ग्रांट गेली की तुमचे ५०० राहिले. कॅव्हिटी पंपिंगचं पण तसंच, बराचसा भाग ग्रांटच उचलते. आणि तुमचं रॅप? २६ हजारातून ६ गेले तरी २० हजार तुमचेच. म्हणजे स्वस्त कामं ग्रांटमध्ये जवळपास निघतात आणि महाग कामांना ग्रांट म्हणजे नुसता हातभार. म्हणून क्रम महत्त्वाचा. थंडीत आधी कानटोपी घालतो मग जड कोट शोधतो तसं, आधी अ‍ॅटिक.

अ‍ॅटिकमध्ये स्वतः टॉर्च घेऊन चढून बघा (फळ्यांवरच पाय ठेवा, मधल्या प्लास्टरबोर्डवर नको, खाली बेडरूममध्ये याल). जुन्या घरांत बऱ्याचदा चार इंचांचा दबलेला पिवळा ग्लास वूल असतो आणि लोक समजतात की इन्सुलेशन आहे. हल्ली ३०० मिलिमीटरच्या आसपास घालतात, एक थर जॉइस्टच्या (लाकडी तुळयांच्या) मधे आणि दुसरा त्यावर आडवा. काम करणाऱ्याला हे विचाराच: छपराच्या कडेला हवा खेळायला जागा सोडणार का, पाण्याच्या टाकीला आणि पाइपांना लॅगिंग (इन्सुलेशनचं आवरण) करणार का (अ‍ॅटिक थंड होणार, पाइप गोठू शकतात), टाकीच्या खाली इन्सुलेशन घालणार नाही ना (खालून येणारी थोडी ऊबच टाकी गोठू देत नाही), हॅचच्या झाकणाला इन्सुलेशन आणि कडेने पट्टी लावणार का, आणि इलेक्ट्रिक शॉवरची वायर लोकरीखाली गाडणार नाही ना, ती तापते. ह्या गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्या. चांगला माणूस कटकट करत नाही, उलट खूश होतो की समोरच्याला कळतंय.

आता भिंती, आणि इथे तुमचा खरा निर्णय आहे. डब्लिन भागात त्या काळातली बरीच घरं होलो ब्लॉकची आहेत, म्हणजे ब्लॉकच्या आतच पोकळी असते, दोन भिंतींमध्ये सलग कॅव्हिटी नसते. कॅव्हिटी असेल तर बाहेरून भोकं पाडून इन्सुलेशनचे बारीक मणी (बीड्स) पंप करता येतात, बहुतेक वेळा एका दिवसात काम होतं आणि घरात पसाराही होत नाही. होलो ब्लॉक पंप करता येत नाही, तिथे आतून ड्राय लायनिंग किंवा बाहेरून रॅप हेच दोन मार्ग. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला पहिला प्रश्न हा विचारा की भिंत कुठली आहे आणि तुम्हाला कसं कळलं. नुसतं बघून सांगितलं तर समाधान मानू नका, छोटं भोक पाडून आत कॅमेरा घालून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर बाहेरच्या दारापाशी भिंतीची जाडी मोजा, साधारण २५० मिलिमीटर भरली तर होलो ब्लॉकची शक्यता जास्त, ३०० च्या वर गेली तर कॅव्हिटीची. शेजारच्या आजी-आजोबांना विचारा, ते पहिल्यापासून राहत असतील तर त्यांना माहीत असतं आणि त्यांनी पंप करून घेतलं असेल तर प्रश्नच मिटला, कारण एका इस्टेटमधली घरं बहुधा सारखीच बांधलेली असतात.

समजा होलो ब्लॉकच निघाला. मग आतून की बाहेरून? आतून स्वस्त पडतं, पण बाहेरच्या भिंतीलगतच्या प्रत्येक खोलीतले रेडिएटर, सॉकेट, स्कर्टिंग काढायचं, किचनची कपाटं काढायची, रंग पुन्हा, आणि खोली चारही नाही तरी एक-दोन बाजूंनी काही इंच लहान होते. लहान बाळ घरात असताना हे सगळ्या घरात एकदम काढू नका. पण थंड पडणारी बॉक्स रूम (घरातली सगळ्यात छोटी खोली) किंवा उत्तरेकडची एकच खोली आतून करणं हा पर्याय असतो, फक्त ग्रांटच्या अटीत अर्धवट काम बसतं का ते आधी एसईएआयला विचारा. बाहेरून केलं की घरात काही हलवावं लागत नाही, ऊब जास्त नीट टिकते, पण खिडक्यांच्या खालच्या कडा (सिल) वाढवायच्या, पावसाचे पाइप, गॅस मीटरची पेटी, बॉयलरचा फ्लू (धूर बाहेर सोडणारा पाइप) सगळं सरकवायचं, आणि हे २६ हजारात धरलंय की 'एक्स्ट्रा' म्हणून नंतर येणार हे लेखी घ्या. माझ्या मते खिडक्या बदलायच्या असतील तर रॅपच्या आधी किंवा सोबत, नंतर केल्या तर कडा फुटतात.

बुरशीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बाळ त्या खोलीत झोपतं ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुसतं इन्सुलेशन केलं आणि हवा जायची वाट बंद ठेवली तर ओल आणखी वाढू शकते. आपल्याकडे वरण-भात, कुकरच्या शिट्ट्या, पोळ्या, शिवाय आयर्लंडच्या पावसात कपडे घरातच वाळत घातलेले, हे सगळं पाणी हवेत जातं आणि सगळ्यात थंड कोपऱ्यावर जाऊन बसतं. बऱ्याच लोकांनी वारा येतो म्हणून भिंतीतले व्हेंट कापड कोंबून बंद केलेले असतात, तुमच्या आधीच्या मालकांनी केलेत का बघा आणि उघडा. किचनमध्ये बाहेर हवा फेकणारा एक्स्ट्रॅक्टर आहे का तेही बघा, काही हूड नुसती हवा गाळून परत घरातच सोडतात. बाथरूमचा फॅन अ‍ॅटिकमध्ये उघडत असेल तर तो बाहेर काढून घ्या, नाहीतर नव्या लोकरीवर सगळी वाफ बसेल. इन्सुलेशनच्या कोटेशनमध्ये व्हेंटिलेशनची ओळच नसेल तर तो माणूस मला चालणार नाही.

कागदपत्रांत एकच गोष्ट जीवापाड सांभाळा: मंजुरी येण्याआधी काम सुरू करायचं नाही, सामानही विकत घ्यायचं नाही, नाहीतर ग्रांट गेली. अर्ज ऑनलाइन असतो, वीजबिलावरचा एमपीआरएन नंबर (तुमच्या घराच्या वीजजोडणीचा) लागतो, कॉन्ट्रॅक्टर एसईएआयच्या यादीतला हवा, घर २०११ च्या आधी बांधून लोक राहायला आलेलं हवं (तुमचं बसतं). मंजुरीनंतर काम ८ महिन्यांत पूर्ण करायचं, शेवटी बीईआर करून घ्यायचं, त्यालाही ५० युरो मिळतात. पैसे काम झाल्यावर येतात, म्हणजे आधी तुम्हाला भरावे लागतात, काही कॉन्ट्रॅक्टर वजा करून बिल देतात. आणि हो, ग्रांट घराच्या एमपीआरएनला चिकटलेली असते, आधीच्या मालकाने अ‍ॅटिकची घेतली असेल तर तुम्हाला त्याच कामाची परत मिळणार नाही, म्हणून हे सगळ्यात आधी तपासा. कोटेशन मागताना ग्रांट न धरता पूर्ण किंमत मागा, तीन जणांकडून. 'ग्रांट धरून इतके' अशा आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

पैशांचं म्हणाल तर २०२४ पासून सरकारच्या पाठबळावर कमी व्याजाचं होम एनर्जी लोन मिळतं, ५ ते ७५ हजारांपर्यंत, पण त्यासाठी घराचं बीईआर किमान २० टक्के सुधारायला हवं. बी-३ किंवा वर गेलात तर बऱ्याच बँका मॉर्गेजचा व्याजदरही कमी देतात, तो फायदा रॅपच्या हिशोबात नक्की धरा, कारण २० हजार फक्त गॅसच्या बिलातून वसूल करायला फार वर्षं लागतात. हीट पंपचा (बाहेरच्या हवेतली ऊब घेऊन घर गरम करणाऱ्या यंत्राचा) विचार भिंतींनंतर.

तुमच्या जागी मी असतो तर याच महिन्यात व्हेंट उघडले असते, एमपीआरएन तपासून अ‍ॅटिकचा अर्ज टाकला असता आणि भिंतीत कॅमेरा घालायला माणूस बोलावला असता. भिंत कुठली निघाली ते इथे लिहा आणि कोटेशनचा फोटो नाव-पत्ता झाकून टाका, ओळीनुसार बघून सांगतो.